नाझरच्या नावाचा ड्राफ्ट

१

गुरुवारी सकाळी श्रीपतने ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं, निळी फाइल बाहेर काढली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. फाइल जागेवर होती. आतला ड्राफ्ट नव्हता.

त्याने फाइल उलटी करून झटकली. कपाटाचे चारही खण उपसले. टेबलाखाली वाकून पाहिलं. साठीला आलेला, सव्वाशे किलोचा माणूस गुडघ्यांवर बसून टेबलाखाली बघतोय, हे काचेपलीकडून कामगार बघत होते. त्याला ते कळत होतं, पण इलाज नव्हता.

ड्राफ्ट अठरा लाखांचा होता. सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला हा गाळा, 'हंसा स्टील फॅब्रिकेटर्स', हॉटेलांना आणि लग्नाच्या केटरिंगवाल्यांना भट्ट्या, टेबलं, टाक्या बनवून देणारा. पत्रा पुरवणाऱ्या स्टॅनीचे पैसे थकले, स्टॅनी कोर्टात गेला, आणि निकाल स्टॅनीच्या बाजूने लागला. तरी पैसे दिले नाहीत म्हणून त्याने वसुलीची दरखास्त लावली. मग कोर्टाचा बेलिफ घराच्या फाटकावर कागद डकवून गेला. शुक्रवारपर्यंत रक्कम भरा, नाहीतर पत्रा वाकवायचं मशीन जप्त.

ते मशीन म्हणजेच कारखाना. ते गेलं की उरणार नुसतं छप्पर आणि पंधरा माणसांचे रिकामे हात. म्हणून बायकोचे, हंसाचे, दागिने बँकेत गहाण टाकून, सोमवारी हा ड्राफ्ट काढून आणला होता. आज वकिलाला झेरॉक्स द्यायची, उद्या कोर्टात भरायचा, आणि गंगेत घोडं न्हालं असं म्हणायचं, एवढंच बाकी होतं.

"हिल्डा," श्रीपत ओरडला, "ड्राफ्ट कुठंय?"

हिल्डा म्हणजे कारखान्याची अकाउंटंट. गाळा सुरू झाला तेव्हापासूनची. ती कॉम्प्युटरवरून उठली, फाइल पाहिली आणि पांढरी पडली.

"मला नाय ठाऊक, शेठ. सोमवारी तुम्हीच ठेवलात."

"किल्ली तुझ्याकडं नि माझ्याकडं. मी तर नेला नाय. मंग कोनी नेला?"

मशीनचा आवाज थांबला होता. सगळे ऐकत होते. हिल्डाने एक क्षण त्याच्याकडे पाहिलं, खुर्चीला अडकवलेली पर्स काढली आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

"बघा, शेठ."

आता शहाण्या माणसाने काय करावं? पर्स परत द्यावी. श्रीपतने ती उघडली. आत जपमाळ, रक्तदाबाच्या गोळ्या, डब्याचा चमचा आणि घडी घातलेला रुमाल. चमचा हातात आला तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण काय करतोय. त्याने पर्स बंद केली. कान गरम झाले होते. हिल्डाने पर्स उचलली आणि पुन्हा कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली.

श्रीपतने वकिलाला फोन लावला. संकेत वकील तरुण होता, पण डोकं थंड.

"पोलिसात तक्रार द्यायची?" त्याने विचारलं.

"पोलिस नको. आधीच गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाय."

"मग आईला पाठवतो," संकेत म्हणाला. "पण काका, तिच्याशी खोटं बोलू नका. तिला कळतं आणि मग ती फार चिडते."

२

बोळिंजहून रिक्षा करून संकेतची आई, लतिकाबाई, आल्या त्या रिक्षावाल्याशी भांडतच. बुटक्या, सुती साडीतल्या, खांद्याला कापडी पिशवी. मुंबईच्या एका कोर्टात नाझरच्या शाखेत उभी हयात काढून निवृत्त झालेल्या. नाझर म्हणजे कोर्टाचा पैसाअडका सांभाळणारा अधिकारी, बेलिफ त्याच्याच हाताखाली. लोकांची कर्जं, जप्त्या, रडारड आणि बनवाबनवी यांच्यात बाईंचे केस पांढरे झाले होते.

"ड्राफ्ट कोणाच्या नावाने होता?" बसायच्या आधीच त्यांनी विचारलं.

"कोर्टाच्या नाझरच्या."

"मग तो चोरून चोराला मिळणार काय? तो ना बाजारात चालतो, ना दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो. कुणाला त्याचा दमडीचा उपयोग नाही."

श्रीपतने एवढा विचार केला नव्हता.

"पैशासाठी कोणी नेलेला नाही," बाई म्हणाल्या. "नेला तो कोर्टात भरला जाऊ नये म्हणून. आता मला सांगा, तुम्ही कोर्टात पैसे भरू नयेत असं कोणाला वाटतं?"

"स्टॅनीला. पैसे आले नाय तर त्याला मशीन मिळंल."

"तुमच्या कपाटाची किल्ली स्टॅनीकडे आहे?"

"नाय."

"मग तो राहू दे बाजूला. किल्ल्या किती?"

"दोन. म्हंजे, होत्या तीन. तिसरी माझ्या धाकट्या भावाकडं होती, भूपेशकडं. मागल्या वर्षी आमचं वाजलं. त्याला गाळा विकून टाकायचा होता. तेव्हा किल्ली तोंडावर फेकून गेला. ती घरी खिळ्याला टांगलेली आहे. पन त्याआधीच त्यानं डुप्लिकेट करून घेतली असंल तर?"

बाईंनी मान हलवली. हो म्हणाल्या की नाही, ते कळलं नाही. मग चष्मा काढून पदराला पुसत त्यांनी विचारलं, "पत्रा खरोखर गंजला होता का हो?"

श्रीपतने टेबलावरची फाइल उगाच सरळ केली.

"कोर्टात सांगितलंय ना तसं."

"कोर्टात काय सांगितलं ते मी वाचलंय. मी तुम्हाला विचारतेय."

"गंजला होता," श्रीपत म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

खोटं. साफ खोटं, आणि हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. स्टॅनीचा पत्रा आरशासारखा होता. त्याच्या भट्ट्या आजही विरारच्या हॉटेलांत चकचकीत उभ्या होत्या. पैसे गेले ते दिपिकाच्या हळदीत. एकुलती एक लेक, खाडीकाठच्या गावातली हळद, तिथे हात आखडून कसं चालेल? रात्रभर बँजो, डोळे दिपवणारा मांडव, आख्ख्या पंचक्रोशीला मटण. स्टॅनीचं बिल त्याच महिन्यात द्यायचं होतं. स्टॅनी स्वतः हळदीला आला, पोटभर जेवला, लेकीच्या हातात पाकीट देऊन गेला. तिथे बिलाचं अवाक्षर काढलं नाही त्याने. दोन महिन्यांनी त्याने पैसे मागितले, तेव्हा श्रीपतकडे नव्हते. 'नाहीत' असं म्हणायची लाज वाटली. म्हणून तो म्हणाला, तुझा पत्रा हलका निघाला, गंजला, भारीच्या भावात हलका गळ्यात मारलास. एकदा तोंडातून गेलं ते मग वकिलाच्या कागदावर गेलं, प्रतिज्ञापत्रावर गेलं, आणि सातिवलीत घरोघर गेलं.

"बरं," लतिकाबाई म्हणाल्या. चष्मा लावला. "त्या हिल्डाला बोलवा. आणि तुम्ही बसा इथेच, पण मधे बोलू नका."

३

हिल्डा ताठ बसली. सकाळच्या पर्सबद्दल ती एक शब्द बोलली नाही, आणि म्हणूनच श्रीपतला तिच्याकडे बघवेना.

"सोमवारनंतर कपाट उघडलं होतं?" बाईंनी विचारलं.

"मंगळवारी सकाळी चेकबुक घेतलं. निळी फाइल होती. आत बघितलं नाय."

"स्टॅनी तुमच्याच चर्चमधला ना?"

"हो. दर रविवारी भेटतो. माझ्याशी पहिल्यासारखं बोलत नाय. का बोलंल? त्याला खोटारडा ठरवणारं प्रतिज्ञापत्र मी टाइप केलंय."

श्रीपत खुर्चीत चुळबुळला. बाईंनी बोट वर केलं, तसा तो गप्प झाला.

"त्या कागदाबद्दल एवढ्यात कोणी तुम्हाला विचारलं होतं?"

हिल्डाने ओठ दाबले.

"विचारलं," ती शेवटी म्हणाली. "बेलिफ कागद लावून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. इंग्रजी होतं म्हणून मराठीत वाचून दाखव म्हणाले. मी सगळं वाचून दाखवलं. पत्रा गंजका होता, स्टॅनीने जाणूनबुजून फसवलं, हे शपथेवर खरं. सगळं."

"ऐकून तो माणूस काय म्हणाला?"

"काय नाय. पाणी मागितलं."

"कोण होता?"

"ते नाय सांगणार, मॅडम. शेठनी माझी पर्स तपासली, त्यांना वाटलं तर नोकरीवरून काढू दे. पण नाव मी नाय घेणार."

ती उठून निघून गेली. श्रीपत फणफणला. "भूपेशच. इंग्रजीची बोंब त्याचीच. नि ही त्याला पाठीशी घालते."

"तुमचे बंधू सोमवारनंतर कुठे होते?"

श्रीपतला एकदम आठवलं. आपल्या टेम्पोवाल्याने काल बोलता बोलता सांगितलं होतं, आणि आपण लक्षच दिलं नव्हतं.

"मंगळवारी कामणला," तो म्हणाला. "स्टॅनीच्या गोदामाबाहेर."

४

भूपेशला फोन केला, तो एका हॉटेलात भट्टी बसवत होता तिथून तसाच आला. हात काळे, कपाळाला घाम. लतिकाबाईंना पाहून त्याने आधी नमस्कार केला, मग भावाकडे पाहिलं.

"काय झालं, दादा?"

"ड्राफ्ट कुठंय ते बोल," श्रीपत म्हणाला. "स्टॅनीला नेऊन दिलास ना? मशीन त्याच्या घशात घालायचं, गाळा विकायचा, नि आपला वाटा घेऊन मोकळं व्हायचं."

भूपेशला आधी काही कळेना. कळलं तसा त्याचा चेहरा पडला. तो चिडला असता तर श्रीपतला बरं वाटलं असतं.

"मी गेलो होतो कामनला," तो हळूच म्हणाला. "स्टॅनीचे पाय धरायला. व्याज सोड म्हनून. वयनीचे दागिने गेले, दादा. मला बघवलं नाय. तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस?"

"मग स्टॅनी काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"भेटलाच नाय. त्याचा मानूस म्हनाला, आत कोन आलंय, थांब. मी बाहेर उभा राहिलो बराच वेळ. मंग हिंमतच गेली नि निघून आलो."

"आत कोण होतं ते दिसलं नाही?"

"नाय. दार लोटलेलं. दाराबाहेर बायकांच्या चपला होत्या, एवढंच."

लतिकाबाई सावरून बसल्या. "ऑफिसच्या दाराबाहेर? काढून ठेवलेल्या?"

"हो. पायरीखाली, नीट जोडून."

"तुम्ही स्टॅनीच्या ऑफिसात जाता तेव्हा चपला काढता?"

भूपेश हसला. "तिथं? पत्र्याचं गोदाम ते. जमिनीवर नुसता धातूचा कीस. अनवानी गेलं तर पाय फाटतील."

"तेच म्हणते मी," बाई म्हणाल्या. त्या उठल्या, पिशवी खांद्याला लावली. "श्रीपतराव, मला तुमच्या घरी घेऊन चला. एक शेवटचा प्रश्न उरलाय, तो घरीच विचारायचाय."

"घरी? घरी कोन आहे? एकटी हंसा."

"तिच्या हातचा चहा घेऊ," बाई म्हणाल्या.

५

हंसा अंगणात वाल सोलत बसली होती. पाहुण्या आल्या म्हणून लगबगीने उठली, पण उठताना तिने एका पायावर भार दिला नाही. श्रीपतने पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याला प्रश्न पडला, हिच्या पायाला काय झालं.

चहा आला. लतिकाबाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"श्रीपतराव, कारखान्याचा मालक कोण?"

"मी," श्रीपत म्हणाला. हा काय प्रश्न झाला?

"माझ्या मुलाच्या फाइलमध्ये तुमचं नाव मला कुठेच सापडलं नाही. दावा हंसाताईंवर. हुकूमनामा हंसाताईंवर. फाटकावर कागद लागला तोही त्यांच्याच नावाचा. बँकेचं खातं?"

"ते... महिला उद्योजकांची कर्जाची योजना होती तेव्हा. म्हनून कागदोपत्री हिचं नाव टाकलं. सगळेच टाकतात. ती नुसती सही करते."

"सोमवारी ड्राफ्टच्या फॉर्मवर सही कोणाची?"

"हिचीच. मी घरी आनून घेतली."

"आता ऐका. तो ड्राफ्ट बाजारात कुणाच्या कामाचा नव्हता, हे खरं. पण एका माणसाच्या होता. ज्याच्या खात्यातून तो निघाला, ते माणूस मूळ कागद घेऊन बँकेत गेलं, की बँक तो रद्द करते आणि पैसे खात्यात परत टाकते. ते ना तुम्हाला जमलं असतं, ना भूपेशना, ना हिल्डाला. किल्ली घरी खिळ्याला टांगलेली. प्रतिज्ञापत्र इंग्रजीत, आणि खाली ज्याची सही आहे त्यालाच ते वाचता येत नाही, म्हणून त्याने हिल्डाकडून वाचून घेतलं. आणि पत्र्याच्या किसावर अनवाणी कोण चालतं? जे व्यवहाराला जात नाही, माफी मागायला जातं, ते." त्या हंसाकडे वळल्या. "ताई, पायाला पट्टी बांधली का?"

हंसाने पाय पदराआड ओढला.

"बांधली," ती म्हणाली.

"तू? तू बँकेत गेलीस?"

"मंगळवारी दुपारी. हिल्डा जेवायला घरी जाते तेव्हा गाळ्यावर गेले. पोरांनी बघितलं मला, पन शेठची बायको कपाट उघडते त्यात काय बघायचं? ड्राफ्ट मोडला नि स्टॅनीच्या नावानं दुसरा काढला. तशीच रिक्षा करून कामनला गेले. त्याच्या हातात दिला."

"का?"

"का?" हंसा वाल बाजूला ठेवत म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "फाटकावर माझं नाव लागलं. माझा भाऊ येऊन वाचून गेला. मी म्हनलं, नाव लागलं तर लागलं, माल तर घेतलाय आपन. मंग हिल्डाकडून वाचून घेतलं. पत्रा गंजका होता, हे मी शपथेवर सांगते. मी. मी तो पत्रा डोळ्यांनी बघितलाय, दिपिकाला दिलेल्या भांड्यांची मांडणी त्याच पत्र्याची आहे. त्या मानसानं माझ्या पोरीच्या हळदीला जेवून तिच्या हातात पाकीट दिलं, नि मी देवाचं नाव घेऊन त्याला चोर म्हनलं. ते पैसे कोर्टाच्या खिडकीत टाकून मोकळं व्हायचं? मला त्याच्या तोंडावर जायचं होतं."

श्रीपतने मान खाली घातली. त्याला वाटत होतं जमीन दुभंगावी. बाईंनी सकाळी विचारलं तेव्हा आपण पुन्हा खोटं बोललो, आणि त्याच बाई आता समोर बसून हे ऐकत होत्या.

"मी आज सांगनार होते तुम्हाला," हंसा म्हणाली. "तुम्ही उद्यापर्यंत फाइल उघडनार नाय असं वाटलं. तुम्ही कोनाला काय बोललात का?"

श्रीपत सोललेल्या वालांकडे बघत राहिला. लतिकाबाई एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "हंसाताई, स्टॅनीकडून पावती घेतलीत?"

"पावती?" हंसाने विचारलं. "त्याला खोटारडा म्हनून वर पावती मागायची? कुठल्या तोंडानं?"

लतिकाबाईंनी कपाळाला हात लावला.

६

"माझं ऐका," त्या म्हणाल्या. "कोर्टात पैसे भरले की विषय संपला. बाहेर दिले तर चालतं, पण घेणाऱ्याने कोर्टात येऊन 'मिळाले' असं सांगायला हवं. तोवर कोर्टाच्या लेखी तुम्ही छदामही दिलेला नाही. स्टॅनी उद्या गप्प बसला, तर बेलिफ मशीन उचलेल आणि ड्राफ्टही त्याच्याच खिशात. तुम्ही पुढे बँकेचे दाखले आणून भांडा, जिंकालही. पण मशीन तेव्हा कुठे असेल?"

"त्याने ड्राफ्ट वटवला?" श्रीपतने विचारलं.

"कुठं कळनार? तो घेऊन टेबलावर ठेवला त्यानं. बोलला काय नाय. मला पानी दिलं, पायाचं रक्त पुसायला कापूस दिला नि रिक्षा बोलावून दिली."

म्हणजे आता सगळा कारखाना स्टॅनीच्या एका शब्दावर टांगला होता. ज्याचा शब्द खोटा म्हणून श्रीपतने सातिवलीभर डांगोरा पिटला, त्याच्याच. हसावं की रडावं, श्रीपतला कळेना.

तो उठला आणि गाडीची किल्ली घेतली. "मी जातो कामनला. पाय धरतो."

"जा," लतिकाबाई म्हणाल्या. "पंचवीस वर्षं हेच पाहत आलेय. जप्तीच्या आदल्या दिवशी भले भले जातात."

"नका जाऊ," हंसा म्हणाली.

दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

"आज गेलात तर ती माफी मशीनसाठी होईल. त्यालाही कळंल. इतके दिवस सुचलं नाय, नि आता मशीन जायची पाळी आली तेव्हा सुचलं. मी गेले तेव्हा मला पावतीचं ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे."

"अगं, पंधरा घरं आहेत त्या मशीनवर."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "जायचं तर जा. मी अडवनार नाय."

श्रीपत दारात उभा राहिला. आपण स्टॅनीसमोर हात जोडून उभे आहोत, डोळ्यांत पाणी आणलंय, आणि आतून मशीनचा हिशेब चाललाय, हे त्याला लख्ख दिसलं. आयुष्यभर तो असंच करत आला होता, फक्त आज पहिल्यांदा स्वतःला बघत होता. त्याने किल्ली पुन्हा खुंटीला अडकवली.

लतिकाबाईंनी डोक्याला हात मारून घेतला. "माझ्या नोकरीत असे पक्षकार भेटले असते तर मी वेडी झाले असते," असं म्हणून त्या रिक्षा शोधायला निघाल्या.

७

शुक्रवारी वसईच्या कोर्टात शिपायाने पुकारा केला तो हंसाच्या नावाचा. ती पायाची पट्टी सांभाळत पुढे गेली. श्रीपत मागच्या बाकावर बसला. इतकी वर्षं प्रत्येक तारखेला तोच वकिलाच्या शेजारी उभा राहायचा. आज संकेतशेजारी हंसा उभी होती. बेलिफ दाराशी तयार होता आणि खाली टेम्पो आला होता.

स्टॅनी समोरच्या बाजूला, वकिलाच्या मागे. पांढरा शर्ट, हातात जाड फाइल. त्याने एकदाही श्रीपतकडे पाहिलं नाही.

"पैसे भरले?" न्यायाधीशांनी विचारलं.

संकेत उभा राहिला. "साहेब, कोर्टाबाहेर दिले आहेत. ड्राफ्टने."

"पावती?"

"पावती नाही, साहेब."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. स्टॅनीचा वकील लगेच उठला. "साहेब, आमच्याकडे तशी नोंद नाही. माझ्या अशिलाने मला काही कळवलेलं नाही. जप्ती पुढे चालू..."

स्टॅनीने त्याच्या कोटाला धरून त्याला खाली बसवलं. मग स्वतः उठला. हातातली फाइल उघडली.

"मिळाले," स्टॅनी म्हणाला. "पूर्ण. मंगळवारी. या बाईंनी स्वतः आणून दिले. काल सकाळी बँकेत भरलेत, ही स्लिप."

"काही बाकी?"

"काय नाय."

न्यायाधीशांनी लिहायला घेतलं. रक्कम मिळाली, दरखास्त निकाली. बेलिफ खाली टेम्पोवाल्याला परत पाठवायला गेला. मशीन वाचलं. एवढ्यावर संपलं सगळं.

श्रीपतला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं ते उलटच. स्टॅनीने काही मागितलं नाही, अट घातली नाही, एक टोमणासुद्धा मारला नाही. श्रीपतला ते सहन झालं नाही. तो बाकावरून उठून उभा राहिला.

"साहेब, मला बोलायचंय. पत्रा चांगला होता. गंजला नव्हता. आम्ही लिहून दिलं ते खोटं होतं. माझ्या बायकोला ठाऊक नव्हतं, मीच लिहायला लावलं."

संकेतने डोळे मिटून घेतले.

"तुम्ही कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मी... यांचा नवरा."

"तुम्ही या प्रकरणात पक्षकार नाही. आणि पत्रा कसा होता हा प्रश्न आता कोर्टासमोर नाही, त्याचा निकाल लागलाय. शपथेवर खोटं लिहायला लावणं काय असतं, ते बाहेर जाऊन तुमच्या वकिलांना विचारा. इथे फक्त वसुली होती आणि ती झाली. बसा." मग शिपायाला म्हणाले, "पुढचं."

कुणीतरी हसलं. श्रीपत बसला. पैसे घ्यायला सरकारने एवढी मोठी इमारत बांधली होती, आणि त्याची लाज घ्यायला तिथे एकही खिडकी नव्हती.

बाहेर व्हरांड्यात त्याने स्टॅनीला गाठलं. आजूबाजूला पक्षकार, वकील, चहावाले, सगळेच होते.

"स्टॅनी, चुकलो मी. तुझा पत्रा..."

"माझा पत्रा कसा होता ते मला ठाऊक हाय," स्टॅनी म्हणाला. "मला कशाला सांगतो? सातिवलीत चार गाळ्यांनी माझा माल बंद केला तुझ्या बोलण्यावर. त्यांना सांग." मग हंसाकडे वळून म्हणाला, "वहिनी, पायाला टिटॅनसचं इंजेक्शन घ्या," आणि जिना उतरून गेला.

घरी जायच्या वाटेवर हंसाने गाडी सातिवलीला वळवायला लावली. आपल्या गाळ्यात श्रीपतने मशीन बंद करायला सांगितलं. सगळ्यांना जवळ बोलावलं, आणि हिल्डाची पर्स आपण उघडली ते फार वाईट केलं, ड्राफ्टला तुमच्यातल्या कुणीच हात लावला नव्हता, असं म्हणाला. हिल्डाने ऐकून घेतलं. तिने 'असू दे, शेठ' म्हटलं नाही. ती म्हणाली, "भूपेशला पण सांगा," आणि कामाला लागली.

मग शेजारचा गाळा. तिथला मालक ट्रॉल्या बनवायचा. श्रीपतला बघून त्याने खुर्ची पुढे केली, चहा सांगितला.

"ऐक," श्रीपत उभ्याउभ्याच म्हणाला. "स्टॅनीचा पत्रा चांगला होता. मी खोटं बोललो होतो. माझ्याकडं पैसे नव्हते म्हनून बोललो."

मालकाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि मग मोठ्याने हसला.

"अरे श्रीपतशेठ, एवढंच ना? धंद्यात चालायचंच. बसा हो."

श्रीपतचे खांदे सैल पडले. दिवसभरात पहिल्यांदाच कोणीतरी त्याला बसा म्हणालं होतं. तो खुर्चीवर टेकला, चहाचा ग्लास त्याने हातात घेतला.

"बसू नका," दारातून हंसा म्हणाली. तिने भिंतीचा आधार घेतला होता. "अजून तीन गाळे आहेत."

श्रीपतने ग्लास टेबलावर ठेवला आणि तो उठला.